चुकवहीतली दुसरी ओळ

संभा,

काल तुझ्या शोकसभेत मी जे भाषण वाचलं, ते मी लिहिलेलं नव्हतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

आपले कॉम्प्युटरचे सर आहेत ना, त्यांनी फोनमधल्या यंत्राला दोन ओळी दिल्या. गणिताचे शिक्षक, अचानक निधन, मुख्याध्यापकांचं भाषण, पाच मिनिटं. मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत भाषण तयार. छापून हातात दिलं. अजून प्रिंटरची ऊब होती कागदाला. मी चष्मा लावला आणि सभागृहात गेलो.

तू ज्ञानाचा नंदादीप होतास म्हणे. तुझं व्यक्तिमत्त्व हसतमुख होतं. तू कधी कुणावर रागावला नाहीस. सर्जनशीलता हा तुझा श्वास होता आणि तुझ्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. संभा, हसतमुख? शाळेच्या प्रत्येक फोटोत तू असा उभा आहेस, की फोटोग्राफरनं आत्ताच तुझा पाय तुडवलाय. तुझं हसू मी इतक्या वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं असेल, आणि त्यातलं निम्मं माझी फजिती झाली तेव्हाचं.

कागदावर एका ठिकाणी कंसात लिहिलं होतं, 'इथे क्षणभर थांबावे'. मी थांबलो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला खरंच गहिवरून यायला हवं होतं रे, ज्या माणसाबरोबर एका खोलीत पिठलं-भात खाऊन नोकरी सुरू केली त्याचा फोटो समोर हार घालून ठेवलेला. पण मी पुढची ओळ कुठं आहे ते शोधत होतो. त्या क्षणापासून मला माझी शिसारी आली आहे. आज रविवार दुपार झाली तरी ती जात नाही.

सभा संपल्यावर तुझ्या नववी ब मधली सानिका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. दूधवाल्याची ती पोरगी, जी बोलायला लागली की समोरचा मुख्याध्यापक आहे की शिपाई हे बघत नाही. तू तिचं कौतुक करायचास आणि मी म्हणायचो, जरा लगाम घाल तिला.

"सर, तुम्ही म्हणलासा शिंदे सर कधी रागवायचं न्हाईत," ती म्हणाली. "ते तर रोज रागवायचं की."

मी सांगितलं, अशा भाषणात तसं बोलायची रीत असते.

"मग ती चूक हाय का न्हाय?"

आहे, असं मला म्हणावं लागलं.

"मग चुकवहीत लिवलासा काय?"

आणि मी म्हणालो, हो, लिहिली आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षाला टेकलेला माणूस, चौदा वर्षांच्या पोरीला तोंडावर खोटं बोललो. तिनं मान हलवली. मग म्हणाली, सर म्हणायचे, चुकवही कुणीही बघायला मागितली तर दाखवायची, लपवायची नाही. सोमवारी शाळा भरायच्या आधी येऊ का बघायला?

ये म्हणालो. म्हणजे उद्या सकाळी ती येणार आणि मला वही दाखवावी लागणार. म्हणून हे लिहायला बसलोय. तुझ्यासाठी बसलोय असं म्हणालो तर तेही भाषणच होईल.

आठवतं का, हे सगळं कुठून सुरू झालं? मलकापूरच्या शाळेत आपण दोघंही नवे. पावसाळ्यात त्या खोलीत आपले कपडे चार-चार दिवस वाळायचे नाहीत आणि ओल्या शर्टावर इस्त्री फिरवून आपण शाळेत जायचो. तू आठवीला टाकी आणि नळाचं उदाहरण घेतलं होतंस. एक नळ भरणारा, एक नळ गळणारा. तू घाईत दोन्ही उलटे धरलेस आणि उत्तर आलं उणे तीन तास. मागच्या बाकावरनं कुणीतरी विचारलं, सर, म्हणजे टाकी आपण यायच्या आधीच भरली? वर्ग खदखदून हसला. तू डस्टर उचललंस. मग खाली ठेवलंस आणि म्हणालास, पुसत न्हाय. मी हितं कसा आलो ते आता तुम्ही शोधा.

सगळा तास पोरं फळ्यापाशी. शेजारच्या वर्गात मी शिकवत होतो ती कविता ऐकायला कुणी तयार नव्हतं, सगळ्यांचे कान तुझ्या भिंतीला. संध्याकाळी तू कांदा चिरत होतास. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं बोलणं चालूच.

"आनंदा, आज पहिल्यांदा पोरं गणितात शिरली बघ. बरोबर उत्तरात शिरायला दारच नसतंय."

तेव्हा मी म्हणालो होतो, कांदा बारीक चिर.

दुसऱ्या दिवसापासून चुकवही. शंभर पानी, पेनानंच लिहायची. दारात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात सगळ्यांची खोडरबरं जमा. घरी जाताना आपापलं घेऊन जायचं. वहीत दर चुकीला तीन ओळी. मी काय केलं. तेव्हा मला काय वाटलं. आता काय दिसतंय. तिसरी ओळ रिकामी राहिली तरी चालेल, पण खोटी नको, असं तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. पोरांना अवघड जायची ती दुसरी. सगळे लिहायचे, माझं लक्ष नव्हतं. तू वह्या परत करायचास. लक्ष नव्हतं ही काय चूक न्हाय, ती सुट्टी हाय, लक्ष कुठं होतं ते लिव.

एका पोरानं लिहिलं होतं, मला एक-अष्टमांश हा एक-चतुर्थांशापेक्षा मोठा वाटला, कारण आठ मोठा, आणि आमच्या घरात मोठ्याला मोठी भाकरी मिळते. ती वही घेऊन तू माझ्या चालू वर्गात घुसलास. जगातलं सगळं शहाणपण सापडल्यासारखा तुझा चेहरा. बघ, म्हणालास, हे पोरगं चुकलंय ते स्वतःच्या डोक्यानं चुकलंय. आता त्याला शिकवता येतंय. ज्यानं बरोबर उत्तर शेजाऱ्याचं उतरवलंय त्याला काय शिकवू?

चुकीच्या उत्तरावर तू कधीच रागावला नाहीस, हे खरं आहे. तेवढं तरी भाषणात यायला हवं होतं. पण चोरलेल्या बरोबर उत्तरावर तुझा आवाज असा चढायचा, की शिपाई घंटा द्यायची विसरायचा.

मग आपण दोघंही कोल्हापुरात आलो, एकाच संस्थेत. मी खुर्चीत बसलो आणि तू फळ्यापाशीच राहिलास. तुला खुर्ची नको होती आणि मला फार हवी होती, त्यामुळे आपलं त्यावरून कधी वाजलं नाही. वाजलं ते त्या मूल्यांकनावरून.

ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो. शाळांचं मूल्यांकन होणार होतं आणि नवोपक्रमाला वेगळे गुण होते. मला एकदम तुझी चुकवही आठवली. घरात सोन्याचा हंडा आणि मी बाहेर भीक मागतोय असं वाटलं मला. सगळ्या वर्गांना फर्मान काढलं, आठ दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याची चुकवही तयार पाहिजे, समास आखलेली, कव्हर घातलेली. आता आठ दिवसांत पोरांनी चुका आणायच्या कुठून? शिक्षकांनी डोकं लढवलं. फळ्यावर लिहिलं, चूक क्रमांक एक. खाली तीन ओळी. पोरांनी उतरवून घेतल्या. एका वर्गाच्या बेचाळीस वह्यांत एकच चूक, एकच कबुली, सुवाच्य अक्षरात. सहावीत एका पोरानं फळ्यावरची चूक उतरवताना डोकं वापरलं आणि गणित बरोबर करून टाकलं. त्याला बाईंनी लाल शाईनं फुली मारली आणि चूक नीट पाच वेळा लिहून आणायला सांगितली.

समितीचे साहेब खूश. वही हातात घेऊन त्यांनी फोटो काढला. प्रमाणपत्र आलं, ते मी चौकट करून माझ्या खुर्चीमागं लावलं. तू आलास, चष्मा कपाळावर ढकलून ते वाचलंस, शेवटच्या सहीपर्यंत. मग माझ्याकडं न बघता म्हणालास, "मर्दा, तू चुकीलाबी गणवेश घातलास."

त्यानंतर महिनाभर तू माझ्याशी कामापुरतं बोललास. मला तेव्हा तुझा राग आला होता. शाळेचं नाव झालं, तुझ्याच कल्पनेनं झालं, आणि हा माणूस तोंड फिरवून बसलाय. ती चौकट अजून तिथंच आहे. काढून ठेवावी म्हटलं तर भिंतीवर पांढरा चौकोन राहील आणि तो सगळ्यांना दिसेल, म्हणून काढत नाही. असा मी.

हे फोनमधलं उत्तर देणारं यंत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता संभा पेटणार. तू जुन्या वळणाचा, खडू-फळ्यावाला. पण तू उलटाच निघालास. काच तडकलेला तुझा फोन घेऊन तू नववीच्या वर्गात गेलास, माझी लेखी परवानगी घेऊन, कारण नियमाला तू कधी चुकला नाहीस. त्या फोनला पोरांनी गणितं घालायची आणि तो कुठं चुकतो ते शोधायचं. यंत्राची चुकवही. दोन आठवडे वर्गात नुसता दंगा. त्याला तुम्ही चुकलात म्हटलं की तो लगेच माफी मागायचा. बरोबर असताना चुकलात म्हटलं तरी बऱ्याचदा माफी मागायचा. मग पोरांनी त्याला दुसरी ओळ विचारली, तेव्हा तुला काय वाटलं? त्यानं काहीतरी गुळगुळीत लिहून दिलं.

तू माझ्या खोलीत येऊन सांगितलंस, माफी पटकन मागतंय, पण दुसऱ्या ओळीत थापा मारतंय गडी. अगदी आपल्यासारखं हाय. आणि हसलास. त्या मोजक्या हसण्यांतलं ते एक. तू 'आपल्यासारखं' म्हणालास, पण बघत माझ्याकडं होतास.

मग व्हायचं ते झालंच. पोरांना कळलं की यंत्र गणित सोडवतं तसं चूकही लिहून देतं. तू वही उघडलीस की ओळखायचास. म्हणायचास, इतकी सुबक चूक माणसाच्या हातनं होत न्हाय. मी म्हटलं, शिक्षा कर, पालकांना बोलाव. तू अशा सापडलेल्या एका पोराला फक्त एवढंच सांगितलंस की हीसुद्धा चूकच आहे, हिच्या तीन ओळी लिही. त्यानं दुसऱ्या ओळीत काय लिहिलं ते तू मला नंतर नृसिंहवाडीच्या घाटावर सांगितलंस. 'मला वाटलं, माझी चूक चांगली नाही.'

म्हणालास, आनंदा, पोरांना स्वतःचं उत्तर बरं वाटत न्हाय ते आपण केलं, पिढ्यान्‌पिढ्या केलं. पण आता पोराला स्वतःची चूकबी बरी वाटंना झाली. मग त्याच्याकडं स्वतःचं असं ऱ्हायलं काय?

त्यावर माझं नेहमीचं टुमणं. पालकांना गुण हवेत, प्रवेश परीक्षा डोक्यावर आहेत, जग पळतंय आणि तू पोरांना मागं वळून बघायला लावतोस. तू म्हणालास, बरोबर उत्तर आता कुणाच्याबी खिशात हाय. नीट वाटंवर सगळ्या जगानं आधीच पाय ठेवलाय, तिथं पोराला नवं काय घावणार? जे काय सुचायचं ते वाट चुकल्यावरच सुचणार. फक्त चुकल्यावर घाबरून पळून यायचं न्हाय, जरा तिथंच उभं ऱ्हाऊन बघायचं, एवढं शिकवायला आता शाळा ऱ्हायली. हे मला पटत होतं. तुझ्यासमोर पटलं म्हणायचं नव्हतं, कारण तोपर्यंत मी सही करून बसलो होतो.

आता सहीचं सांगतो. तुला माहीत होतं, पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

संस्थेनं बाहेरच्या एका अकादमीशी करार केला. नववीचं गणित त्यांच्याकडं, प्रत्येक पोराच्या हातात टॅब. सचिवांनी मला बोलावलं आणि चहा पाजला. म्हणाले, शिंदे सर मोठे आहेत, पण आता वेग पाहिजे. मी हो म्हणालो. एकदाही नाही म्हणालो नाही, जरा थांबा म्हणालो नाही, तुझं नाव निघालं तेव्हा चहात बघत बसलो. तुझ्याकडं पाचवीचं गणित, वेळापत्रक आणि शासनाची ऑनलाईन माहिती भरायचं काम दिलं. तुझ्या-माझ्या खोलीत दोन दारांचं अंतर. तरी त्या बदलाचं पत्र मी शिपायाच्या हातानं पाठवलं आणि तुझी पोच-सही घेऊन यायला सांगितली. तू सही केलीस. अक्षर नेहमीसारखंच होतं, जराही हललेलं नव्हतं. ती पोच अजून फाईलला आहे.

तू टॅबबद्दल एकदाच बोललास. नववीच्या दारात उभा राहून तू बघत होतास. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर चांदण्या उडायच्या. चुकलं की लाल रेघ, आणि प्रश्नच गायब, लगेच दुसरा हजर. तू माझ्याकडं वळून विचारलंस, प्रश्न कुठं गेला रे? मी म्हणालो, सॉफ्टवेअर तसंच आहे. तू तिथंच उभा राहिलास. मला मीटिंग होती म्हणून मी गेलो. मीटिंग नव्हती.

पोरं मात्र ऐकेनात. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं तुला गाठायची, चुकवह्या घेऊन. मी खिडकीतून बघायचो. तू टाकीच्या कट्ट्यावर बसलेला आणि भोवती नववी ब. तुला बोलावून सांगावं का की हे अकादमीवाल्यांच्या नजरेला येईल, असा विचार मी एकदा केला. केला एवढंच नाही, तसं पत्रही टाईप करून घेतलं होतं. ते द्यायचं राहिलं, कारण मध्ये दिवाळीची सुट्टी लागली. माझ्या चांगुलपणामुळे राहिलं नाही, हे लिहून ठेवतो.

सुट्टीत तूच मला नृसिंहवाडीला घेऊन गेलास. वर्षानुवर्षांची आपली रीत, तुझी स्कूटर बंद पडल्यापासून माझ्या स्कूटरवर. दर्शन झालं, घाटावर बसलो, बासुंदी घेतली. तिथंच ते त्या पोराच्या वहीचं सांगितलंस. मग पिशवीतून एक शंभर पानी वही काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. लेबलावर तुझ्या अक्षरात माझं नाव. इयत्तेच्या जागी लिहिलं होतंस, मुख्याध्यापक.

"एकदा तरी लिव मर्दा. मी बघायला मागणार न्हाय."

मला ते झोंबलं. तू मला वर्गात उभं केलंस असं वाटलं. वही मी स्कूटरच्या डिकीत कोंबली आणि परतीच्या वाटेवर जयसिंगपूर मागं पडलं तरी एक शब्द बोललो नाही. तू तुझ्या कोपऱ्यावर उतरलास. येतो म्हणालास. मी हेल्मेटच्या आतनं मान हलवली, ती तुला दिसली की नाही कुणास ठाऊक.

मग शाळा सुरू झाली आणि आपण रोज एकमेकांना नमस्कार करत राहिलो, फोन करायचा राहून गेला. आणि मग तुझ्या घरूनच फोन आला.

वहिनींकडं गेलो होतो. त्या रडत नव्हत्या. चहा ठेवू का विचारलं. मग म्हणाल्या, भावजी, वाडीस्नं आल्यापास्नं रोज संध्याकाळी इचारायचं, आनंदाचा फोन आलता काय. काय काम होतं वो त्येंचं तुमच्याकडं? मी म्हणालो, शाळेचं काहीतरी असेल. बघ संभा, तिथंही. तुझ्या फोटोसमोर, तुझ्या बायकोला.

आता ऐक पुढचं, म्हणजे तुलाही ओकारी येईल. संस्था टॅबसाठी केलेल्या नव्या खोलीला तुझं नाव देणार आहे. संभाजी शिंदे सर्जनशीलता कक्ष. पाटी रंगवायला गेली आहे. त्या खोलीत चप्पल काढून जायचं, हात लावायच्या आधी विचारायचं, आणि तास संपला की कुलूप. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. ज्या माणसानं जन्मभर पोरांना पुसू नका म्हणून सांगितलं, त्याचं नाव जिथं चूक आपोआप पुसली जाते त्या खोलीच्या दारावर. सभेत सचिवांनी हे जाहीर केलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. फक्त नववी ब नं वाजवल्या नाहीत. मला वाटलं, पोरं दुःखात आहेत.

आज जेवण झाल्यावर खाली जाऊन डिकी उघडली. वहीच्या कोपऱ्याला ग्रीसचा डाग पडलाय आणि बासुंदीचा एक पानाचा द्रोण तिला चिकटून वाळलाय. बाकी कोरी. घरच्या टेबलावर बसलो आणि आधी हे पत्र लिहायला घेतलं, कारण तीन ओळी लिहायचं धाडस होत नव्हतं. बायकोनं दोनदा विचारलं, कुणाला लिहिताय. संभाला म्हणालो. ती आत गेली.

एक काम केलंय. उद्याच्या वेळापत्रकात नववी ब चा तिसरा तास मी माझ्या नावावर घेतलाय. टॅब कपाटात राहतील. मला गणित येत नाही हे तुला माहीत आहे, टाकी मला अजूनही उलटीच भरता येते. पण पोरांना चुका शोधायला माणूस लागतो, तर तो मिळेल. सचिवांचा फोन दुपारपर्यंत येईल. मी त्यांच्यासमोर किती टिकेन मला ठाऊक नाही. एक आठवडा टिकलो तर तू वर बसून म्हणशील, वरातीमागनं घोडं आलं. आलं तर आलं. निदान ते पाटीचं मी त्यांना सांगणार आहे, की ती दुसऱ्या कुठल्या दारावर लावा, त्या दारावर नको. ते तरी नक्की सांगणार आहे.

आता वही. खोडरबर घेतलेलं नाही. जे लिहिलं ते इथं उतरवतो, जसंच्या तसं, कारण सानिका उद्या तेच बघणार आहे.

मी काय केलं: शिंदे सरांच्या शोकसभेत यंत्रानं लिहिलेलं भाषण माझं म्हणून वाचलं.

तेव्हा मला काय वाटलं: वेळ कमी आहे.

हे लिहिलं आणि तुझा आवाज ऐकू आला, ही चूक न्हाय, ही सुट्टी हाय. वेळ कमी नव्हता. तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. पण आता खोडता येत नाही, ती थाप पानावर तशीच राहणार आणि पोरगी ती वाचणार. म्हणून तिच्याखाली परत लिहिलं.

तेव्हा मला काय वाटलं: भीती वाटली. माझं मी लिहायला बसलो असतो तर नववी ब चा तास मीच सरांकडून काढून घेतला, हे लिहावं लागलं असतं.

मग बराच वेळ तिसऱ्या ओळीपाशी थांबलो. कुणी कंसात सांगितलं नव्हतं. रिकामी सोडावी असंही वाटलं, तुझी परवानगी होतीच. पण काल त्या सभेत नववी ब नं टाळ्या का वाजवल्या नाहीत ते आता कुठं मला कळलं, तेव्हा लिहून टाकली.

आता काय दिसतंय: भाषण नववी ब ची बेचाळीस पोरं ऐकत होती आणि ते खोटं आहे हे बेचाळीसच्या बेचाळीस जणांना कळलं. म्हणजे सरांचं शिकवून झालं होतं. मध्ये मी आलो.